शेवटाआधी उठणारे आण्णा

आण्णांनी आयुष्यात पुष्कळ चित्रपट पाहिले. शेवट मात्र फार थोड्यांचे पाहिले.

ते आमचे घरमालक. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका गल्लीत त्यांचं दुमजली घर होतं. खाली मुलगा, सून आणि नात. वर भाडेकरू म्हणून मी. आण्णा मूळचे कुरुंदवाडचे, जैन शेतकरी कुटुंबातले. वर्षातला बराच काळ ते तिकडच्या घरी राहत आणि आठवड्यातून एकदोनदा एसटीनं कोल्हापूरला येत. कारण विचारलं तर नातीचं सांगत. खरं कारण चित्रपट होतं.

दिवस मावळल्यावर अन्नपाणी घ्यायचं नाही, हा नियम त्यांनी लहानपणापासून पाळला होता. चित्रपटाचा नाद तरुणपणी लागला. दोन्ही सोडायचं नव्हतं, म्हणून त्यांनी चित्रपटाच्या बाजूनं तडजोड केली. दुपारच्या खेळाला जायचं, कडेची खुर्ची धरायची आणि दिवस कलला की उठून घरी जेवायला यायचं. पडद्यावर त्या वेळी कोण मरतंय, कोण कुणाला ओळखतंय, याच्याशी त्या उठण्याचा संबंध नसे. अंधारात घड्याळ दिसत नाही म्हणून ते अधूनमधून बाहेर येऊन दारावरच्या माणसाला विचारत, “दिवस किती हाय रं?”

दारावरचा माणूस काचेतून आकाशाकडं बघून सांगे, “कासराभर हाय अजून, आण्णा. बसा जावा.”

कधी आण्णा परत आत जात. कधी दिवस कासराभर वर असूनही घरी येत.

घरी ताटावर बसले की सून मुद्दाम विचारी, “मग त्या व्हिलनचं काय झालं, आण्णा?”

“मी उठलो तवा जित्ता हुता,” आण्णा सांगत. “चांगला चहा पीत बसलावता.”

गल्लीत हे वाक्य त्यांच्या नावावर होतं. कुणाच्या आजारी नातेवाइकाची चौकशी केली तरी लोक म्हणत, “आण्णा उठलं तवा बरा हुता.” आण्णांना राग येत नसे. ते म्हणत, अर्ध्यातनं उठणाऱ्या माणसाच्या हिशेबी कुणीच मरत न्हाय. तुमी शेवटपतोर बसतासा, तुमच्याच हातनं सगळी मरत्यात.

भाडेकरू ठेवताना त्यांनी मला दोन अटी घातल्या होत्या. कांदा खायला हरकत नाही, पण फोडणीच्या वेळी खिडकी उघडायची नाही. आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीशी मुंग्यांचं बीळ आहे, त्याच्यावर पाय द्यायचा नाही. त्या बिळाशी ते इथं असले की रोज सकाळी चिमूटभर पीठ टाकत. मी वर्तमानपत्रात काम करतो हे कळल्यावर मला त्यांनी कधी नावानं हाक मारली नाही. मी ‘पेपरवालं पावणं’ झालो. सकाळी जिन्यात गाठ पडली की त्यांचा आवाज वरच्या मजल्यापर्यंत येई.

“ओ पावणं! परवा तुमी छापलंवतं, गाडी कालव्यात पडली, दोघं दवाखान्यात. मग? जगली का न्हाय?”

पुढची बातमी आलेली नसे. मी तसं सांगे.

“म्हंजे तुमचा पेपर बी माझ्यासारखाच,” आण्णा म्हणत. “शेवटाआदी उठतोय.”

 

कुरुंदवाडच्या घरी त्यांच्याबरोबर एक कुत्रा राहत असे. मुधोळचा, म्हणजे मुळात शिकारी जातीचा: लांब पाय, आत गेलेलं पोट, लांबोडं गंभीर तोंड. जैन घरात हे जनावर दूधभाकरीवर वाढलं. एकदा बातमीच्या कामानं नृसिंहवाडीला गेलो होतो, तेव्हा वाट वाकडी करून त्यांच्याकडं गेलो. कुत्रा पुढचे पाय एकमेकांवर ठेवून कट्ट्यावर बसला होता आणि रस्त्यानं येणाऱ्या-जाणाऱ्याकडं असा बघत होता, की जणू प्रत्येकाची नोंद त्याला करायची होती. आण्णांनी त्याचं नाव दिवाणजी ठेवलं होतं. बाजारात दुकानांतून हिशेब सांभाळणाऱ्यांना तिकडं दिवाणजी म्हणतात. मुलाला ‘लेका’ म्हणणारे आण्णा या कुत्र्याला अहोजाहो करत.

“दिवाणजी, हे पेपरवालं. ह्यास्नी चावायचं न्हाय, उद्या छापून येईल.”

दिवाणजींनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि पुन्हा रस्त्याकडं तोंड केलं.

मग तो महापूर आला. पंचगंगा आणि कृष्णा दोन्ही चढल्या आणि कुरुंदवाडच्या चारी बाजूंना पाणी झालं. आण्णा शेवटपर्यंत घर सोडायला तयार नव्हते. पाणी कट्ट्याला लागलं तेव्हा बोट आली. बोटीवरचे लोक म्हणाले, आधी माणसं. बोटीत गल्लीतल्या दोन बाळंतिणी होत्या, एक खाटेवरची म्हातारी होती. आण्णांना वाद घालता आला नाही. दिवाणजी कट्ट्यावर राहिले. बोट दुसऱ्या फेरीला त्या गल्लीत येऊ शकली नाही. पाणी वाढलं ते दाराच्या चौकटीच्या वर गेलं.

पाणी उतरल्यावर बाप-लेक गेले तेव्हा घरात चिखल होता. कुत्रा नव्हता. जिवंत नव्हता आणि मेलेलाही सापडला नाही. आण्णांनी शिरोळपर्यंतचे रस्ते पालथे घातले. उसाच्या फडात कुणाला तरी तपकिरी कुत्रं दिसलं होतं, ते कोल्हं निघालं. त्यानंतर ते कोल्हापूरला आले आणि राजारामपुरीच्या घरातच राहू लागले. कुणी दिवाणजींबद्दल विचारलं, तर ते आवाज न चढवता म्हणत, “मी निघालो तवा बरं हुतं.” या वाक्यावर गल्लीत आता कुणी हसत नसे.

कुरुंदवाडचं घर विकायला हवं होतं. भिंतींना चिरा पडल्या होत्या. पुढच्या वर्षी पुन्हा पाणी आलं तर म्हाताऱ्या माणसाला तिथं ठेवायचं कसं, असा मुलाचा प्रश्न होता. शेजारी घ्यायला तयार होता. आण्णा नाही म्हणाले. नुसते नाही म्हणून थांबले नाहीत, तर एके दिवशी जाऊन त्यांनी फाटकाची दोन्ही दारं बिजागऱ्यांतून काढून भिंतीला टेकवून ठेवली.

“चोर शिरतील की, आण्णा,” मुलगा म्हणाला.

“काय न्हेत्यात? पुरानं काय ठेवलंय?”

“मग फाटक कशाला काढलासा?”

“येणाऱ्याला आडवं येऊ नये म्हणून.”

येणारा कोण हे विचारावं लागलं नाही. घराचा विषय तिथंच थांबला.

हिवाळ्याच्या अखेरीस शहरात एक इंग्रजी चित्रपट लागला. अमेरिकेतल्या शंभरेक वर्षांपूर्वीच्या एका नावाजलेल्या कादंबरीवरचा, हिंदीत आवाज दिलेला, सहकुटुंब बघण्यासारखा. नातीनं जाहिरातीत त्यातलं कुत्रं पाहिलं आणि हट्ट धरला. आण्णांकडं चित्रपटाला जाणं म्हणजे लग्नाला निघाल्यासारखं असे: धुवट धोतर, कोट, टोपी, सुनेला ठेवणीतली साडी नेसायची सूचना. त्या दिवशी सगळे तसे गेले. गोष्ट साधी होती. मोठ्या घरात लाडानं वाढलेलं एक धिप्पाड कुत्रं चोरीला जातं आणि दूर बर्फाच्या मुलखात गाडी ओढायला जुंपलं जातं. तिथं मार खातं, शिकतं, बाकीच्या कुत्र्यांचं पुढारी होतं. शेवटी एका एकट्या म्हाताऱ्याशी त्याची गाठ पडते. दोघं मिळून माणसं नसलेल्या रानात जातात. रात्री दुरून लांडग्यांची हाक येते आणि कुत्रं कान टवकारतं.

इथपर्यंत पाहून आण्णा उठले.

बाकीच्यांनी शेवट पाहिला. म्हातारा मरतो. कुत्रं माणसांकडं परत येत नाही. लांडग्यांबरोबर रानात निघून जातं. सून घरी आली तेव्हा तिचे डोळे सुजले होते. तिनं नवऱ्याला स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं, “आण्णांना ह्यातलं काय कळू द्यायचं न्हाय. फाटक काढून बसलेला माणूस हाय तो.”

पण आण्णांनी विचारलंच नाही. उलट नात सांगायला तोंड उघडते आहे हे बघून ते म्हणाले, “गप. मी माझं बघीन.”

दुसऱ्याच दिवशी ते एकटे पुन्हा गेले. हिंदीतल्या त्या चित्रपटाचा दिवसाला एकच खेळ होता, तोही संध्याकाळच्या तोंडावरचा. पुन्हा ते शेवटाआधी परत आले. मग पुन्हा गेले. असं होत राहिलं. घरात ते कुत्र्याबद्दल बोलत. म्हाताऱ्याबद्दल कधीच नाही.

“पयल्यांदा ते सांगितल्याबिगर खात न्हाय, बघिटलास?” ते नातीला म्हणत. “मग बर्फात गेल्यावर चोरून खाया शिकतंय. शाणं हाय.”

“आज्जा, ते खरं कुत्रं न्हाय. कम्प्युटरवर केलंय.”

आण्णा म्हणाले, “मग कुणीतरी लई माया लावून केलंय.”

सुनेनं एक उपाय सुचवला. “आण्णा, खेळाच्या आदीच जेवा की. चारला वाढते. मग निवांत शेवटपतोर बसा.” शेवट त्यांच्यापासून लपवायचा हे आपणच ठरवलं होतं, ते ती बोलण्याच्या भरात विसरली असावी.

“चारला जेवून बघिटलंवतं मागं,” आण्णा म्हणाले. “अंधार पडला की पोट मागतंय. मागितलं म्हंजे मनानं खाल्ल्यागतच झालं.”

“मग तितं पॉपकॉर्न मिळतंय. दिवस हाय तवर खावा.”

“आत अंधार असतोय, बाई. घासात काय पडलंय ते दिसायला नगं? दिवसा अंधार केला म्हंजे ती रात्रच.”

यात शास्त्र किती आणि आण्णा किती, हे ठरवणं कठीण होतं. पण एका संध्याकाळी कामावरून मी लवकर परतत होतो, तेव्हा ते चौकात रिक्षातून उतरताना दिसले. ऊन अजून समोरच्या इमारतीच्या अर्ध्या भिंतीवर होतं. जेवायला चांगला अवकाश होता. मी तसं म्हणालो.

“लवकर आलासा आज.”

“व्हय,” आण्णा म्हणाले. “भूक न्हवती. उठावं वाटलं.”

मग मला जे वाटलं ते हे: जेवणाचा नियम खरा होता, पण या चित्रपटापुरता तो नियम त्यांच्या उपयोगी पडत होता. शेवट त्यांना हवा होता आणि नकोही होता.

गुरुवारी सकाळी जिन्यात सुनेचा आवाज ऐकू आला. शुक्रवारी नवा चित्रपट लागणार होता, म्हणजे हा शेवटचा खेळ. आण्णांनी नाश्ता नाकारला होता.

“आज कसला उपास? अष्टमी न्हाय, चतुर्दशी न्हाय.”

“आज सिनेमा हाय,” आण्णा म्हणाले.

“सिनेमासाठी उपास? मुनी म्हाराजांना कळलं तर काय म्हणतील?”

“म्हणतील, उपास तरी केला. निर्जळी हाय. आता उठायला कारणच न्हाय.”

सून वर आली आणि मला म्हणाली, “दादा, तुमी जावा संगट. ह्यांच्या एकट्याच्यानं आण्णा आवरायचं न्हाईत.” माझी त्या दिवशी सुट्टी होती. मुलानं आपलं दुकान लवकर बंद केलं. नातीनं ऐकलं नाही, ती आलीच. सून मात्र घरी राहिली. पुन्हा बघायची तिची तयारी नव्हती.

चित्रपटगृह जवळजवळ रिकामं होतं. आण्णांनी सवयीनं कडेची खुर्ची घेतली, मग उठले आणि आम्हां तिघांना ओलांडून आतल्या बाजूला जाऊन बसले. आता बाहेर पडायचं तर आमच्या गुडघ्यांना लागून जावं लागलं असतं. मध्यंतरात नातीनं पाण्याची बाटली पुढं केली, ती त्यांनी हातानं बाजूला सारली. उत्तरार्ध सुरू झाला. बर्फ संपून रान आलं, नदी आली, लांडग्यांची हाक आली. नेहमी ते इथं उठत. मुलगा पडद्याकडं बघत नव्हता. तो वडलांकडं बघत होता. त्याचा एक हात त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर होता, पडणाऱ्याला धरायला तयार ठेवावा तसा.

म्हातारा मेला. कुत्रं त्याच्यापाशी बसून राहिलं. पडद्यावर बराच वेळ काही घडलं नाही. नुसतं कुत्रं बसलेलं. आण्णा पुढं सरकले. समोरच्या खुर्चीची कड त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती आणि ते काहीतरी पुटपुटत होते. मुलाच्या पलीकडं बसलेल्या मलाही ते ऐकू आलं.

“उठा,” ते म्हणत होते. “उठा की.”

कुत्रं उठलं. रानाच्या कडेला जाऊन थांबलं, एकदा मागं बघितलं आणि झाडांत शिरलं.

“गेलं!” आण्णा मोठ्यानं म्हणाले. “गेलं की!”

पुढच्या रांगेतलं कुणीतरी “श्शू” म्हणालं. आण्णांनी ते ऐकलं नाही. दिवे लागले तेव्हा त्यांचा चेहरा पूर्ण ओला होता, आणि ते हसत होते.

बाहेर पायऱ्यांवर आलो. दिवस मावळून गेला होता, रस्त्यावरचे दिवे लागले होते. मुलानं त्यांना पायरीवर बसवलं. तो घाबरला होता हे त्याच्या बोलण्यावरून कळत होतं.

“आण्णा, सिनेमा हाय तो. खोटं असतंय. मनाला लावून घेऊ नगा. दिवाणजी येतील. फाटक तसंच ठिवू आपण.”

“लेका, तुला वाटलं, मी ते घरी येतंय का बघाया येत हुतो?”

 आम्हां सगळ्यांना तसंच वाटलं होतं.

आण्णा बोलू लागले, ते एरवीच्या मानानं फार हळू. “बोट आली तवा दिवाणजी माझ्यामागनं पाण्यात उतरलं. बोटीला पाय लावलंवते त्यांनी. ती म्हातारी भ्याली, वरडाय लागली. मी मागं फिरून म्हणालो, ‘दिवाणजी, बसा. आलोच मी.’ तसं फिरलं आणि कट्ट्यावर जाऊन बसलं. बोट वळंपतोर बघत हुतो. बसलंच हुतं.” ते थांबले. “मी कवा ‘बसा’ म्हणालो आणि ते उठलं, असं कदी झालंच न्हाय. सांगितल्याबिगर खात न्हवतं ते. मग पाणी चढल्यावर त्यांनी काय केलं असंल, सांग की.”

रस्त्यावरून एक गाणी लावलेला ट्रॅक्टर गेला. 

“म्हणून बघाया येत हुतो,” आण्णा म्हणाले. “एवढं शिस्तीचं कुत्रं, घरात वाढलेलं. मालक न्हाय म्हटल्यावर बसून ऱ्हातंय का उठतंय, तेवढंच बघायचं हुतं. आणि तेच बघायचा धीर न्हवता. उठलं. तू बघिटलास न्हवं? उठून गेलं.”

“व्हय, आण्णा.”

“मग दे जा ते घर शेजाऱ्याला. फाटक बी बसवून दे त्याला नीट.”

मुलानं मान हलवली. त्याला आता हो म्हणणं अवघड जात होतं. घर त्याला विकायचं होतंच. पण परवानगी अशी मिळेल, असं त्याला वाटलं नव्हतं.

काही आठवड्यांनी साथीमुळं देशभरातली चित्रपटगृहं बंद झाली. ती पुन्हा उघडेपर्यंत मी दुसऱ्या शहरात बदलून गेलो होतो, आणि आण्णा नव्हते. ते कसे गेले, शेवटी काय म्हणाले, हे मुलानं फोनवर सांगायला सुरुवात केली, तेव्हा मी त्याला थांबवलं. माझ्या हिशेबी ते अजून त्या पायरीवर बसलेले आहेत: कोट, टोपी, दिवसभराचा कोरडा घसा, आणि शेजारी नात.

तिनं त्या संध्याकाळी विचारलं होतं, “आज्जा, मग दिवाणजी कुठं गेलं असतील?”

आण्णांनी पश्चिमेकडं हात केला. तिकडं इमारतींशिवाय काही दिसत नव्हतं.

“गगनबावड्याच्या अंगाला,” ते म्हणाले. “तितं रान दाट हाय. पाणी बी उताराला पळतंय, तुंबत न्हाय.”

“तुमची आठवण येत असंल त्यास्नी?”

आण्णांनी पुष्कळ विचार केला.

“नगं यायला,” ते म्हणाले. “माझ्यावर रागं भरून गेलं असतील, तर लई बरं.”